दोन रात्रींचा पाहुणा आणि दोन पानांचा कागद

(नवी मुंबईतील कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोलण्याचा सूर तसाच ठेवला आहे.)



आधीच सांगते, मी वकील नाही. खारघरमध्ये आमचा एक वन बीएचके आहे. नवऱ्याने कुवेतमध्ये बावीस वर्षं काढून घेतलेला. गेली सहा वर्षं मी तो पाहुण्यांना देते, कधी दोन रात्रींसाठी, कधी दोन महिन्यांसाठी. या धंद्यात मी कायदा शिकले तो चुका करून. आज त्या चुकाच सांगायला आले आहे, कारण इथे बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांचं एक घर स्वतःला आणि एक घर ‘द्यायला’ आहे. तळोजा, उलवे, पनवेल इथे आपल्या कोकणी लोकांनी आखातातल्या पैशावर घरं घेतली आहेत. नवी मुंबई विमानतळावरून गेल्या २५ डिसेंबरपासून विमानं सुटू लागली, तेव्हापासून मला रोज एक फोन येतो, ‘आपा, आमचा फ्लॅटही लावू का पाहुण्यांना?’

लावा. पण कागद करा. फोनवरचं ‘हो-हो, या-या’ म्हणजे कागद नव्हे.

माझे आजोबा जहाजावर होते. बोट लागली की डोंगरीत गावच्या जमातीच्या खोलीत उतरायचे. खुंटीला पिशवी लावायची, चटई टाकायची, निघताना खोलीच्या खर्चाचे पैसे द्यायचे. कागद नव्हता, कारण तो लागतच नव्हता. तिथे राहणारा प्रत्येक जण कुणाचा मुलगा, कुणाचा जावई, ते सगळ्यांना माहीत. कुणी भांडण केलं तर बोट पोचायच्या आत पत्र गावात पोचायचं. आपण आजही त्याच हिशेबाने घर देतो. पण आता दारात येतो तो हैदराबादचा, गुवाहाटीचा, यवतमाळचा. त्याला आपलं गाव माहीत नाही, आपल्याला त्याचं नाही.

आता २०२५ च्या जानेवारीची गोष्ट. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये १८, १९ आणि २१ तारखेला कोल्डप्लेचे कार्यक्रम होते. हॉटेलांचे दर कुठल्या कुठे गेले होते. मी एरवी रात्रीचे अडीच हजार घेते. चार मुलांनी ऑक्टोबरमध्येच फोन करून नऊ हजार रुपये रात्र कबूल केले आणि दहा हजार आगाऊ पाठवले. मी खूश.

डिसेंबरच्या सुरुवातीला यवतमाळकडचं एक कुटुंब आलं. खारघरला टाटा मेमोरियलचं अ‍ॅक्ट्रेक आहे, तुम्हाला माहीत आहे. देशभरातून लोक उपचाराला येतात आणि आसपासच्या इमारतींत खोल्या शोधतात. नऊ वर्षांचा मुलगा, रक्ताचा कर्करोग, आई-वडील आणि आजी. ‘वीस-पंचवीस दिवस लागतील, ताई,’ वडील म्हणाले. मी रोजचे बाराशे सांगितले आणि किल्ली दिली. लिहिलं काहीच नाही. आजारी मुलाच्या बापापुढे कागद ठेवायचा म्हणजे मला कसंतरीच वाटलं.

पंचवीस दिवसांचे चाळीस झाले. मुलाच्या पेशी वाढत नव्हत्या, डॉक्टर सोडत नव्हते. १५ जानेवारीला मी त्यांच्या दारात उभी राहिले आणि म्हणाले, ‘दादा, परवा जागा रिकामी करावी लागेल.’ तो माणूस आवाज न चढवता म्हणाला, ‘ताई, सतरा तारखेला जायचं असं आपलं कुठे ठरलं होतं?’

ठरलं नव्हतं. त्याच्या डोक्यात होतं ‘उपचार संपेपर्यंत’, माझ्या डोक्यात ‘कॉन्सर्टच्या आधीपर्यंत’. दोघंही खरं बोलत होतो.

मी त्यांना काढलं नाही. त्या चार मुलांना फोन करून नाही म्हटलं आणि दहा हजार परत केले. तुम्ही म्हणाल, चांगलं केलंत. थांबा. त्या मुलांनी माझ्या शब्दावर तीन महिने दुसरीकडे कुठे पाहिलंच नव्हतं. दोन दिवस आधी त्यांना जे मिळालं त्याला त्यांनी तिप्पट मोजले. त्यांच्यातली एक मुलगी मला म्हणाली, ‘आंटी, तुम्ही दया दाखवलीत, पण बिल आम्ही भरलं.’ ते वाक्य मला लागलं. रात्री झोपताना अजून आठवतं.

तर आता कायद्याकडे येते. तो रंजक आहे, कंटाळू नका.

आपल्याकडे घरमालकाच्या मनात एक जुनी भीती असते, ‘भाडेकरू घर बळकावेल.’ ही भीती उगाच आलेली नाही. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडेकरूला भक्कम संरक्षण दिलं. त्यातून सुटायला मालक ‘भाडेकरू’ऐवजी ‘लायसन्सी’ लिहू लागले. मग १९७३ मध्ये कायदा बदलला आणि त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला जे लायसन्सवर राहत होते ते भाडेकरू मानले गेले. एका रात्रीत! मुंबईतल्या मालकांच्या दोन पिढ्या ते विसरल्या नाहीत. पुढे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला, तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या कलम २४ प्रमाणे लायसन्सची मुदत संपल्यावर राहणारा हटला नाही, तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो आणि ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने भरपाई मागू शकतो. आणि लेखी करारात जे लिहिलंय तोच त्या गोष्टीचा निर्णायक पुरावा. म्हणजे भीतीवरचं औषध कायद्यानेच दिलंय, फक्त ते कागदावर घ्यायचं आहे.

कलम ५५ म्हणतं, लिव्ह अँड लायसन्स लेखी पाहिजे आणि नोंदवलेलं पाहिजे. नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. नोंदवलं नाही आणि वाद झाला, तर राहणारा सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात, उलट सिद्ध होईपर्यंत. वर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आपल्यात सर्रास ऐकू येतं की अकरा महिन्यांचा केला की नोंदणी लागत नाही. ते देशाच्या नोंदणी कायद्यावरून आलंय, तिथे एक वर्षाची रेषा आहे. महाराष्ट्रात कलम ५५ मुळे ती पळवाट उरलेली नाही.

आता गंमत बघा. कलम ५५ मध्ये दिवसांची खालची मर्यादा नाही. मग दोन रात्रींच्या पाहुण्याचंही नोंदवायचं? मुद्रांक शुल्क पाव टक्का म्हणजे काहीच नाही, पण शहरात नोंदणीचे हजार रुपये, शिवाय दोघांचे अंगठे, एजंटची फी. पाच हजारांच्या मुक्कामासाठी हे कुणी करत नाही. जे लोक करत नाहीत ते म्हणतात, आमची जागा लॉजसारखी आहे. कारण याच कायद्यात हॉटेल किंवा लॉजिंग हाऊसमधली खोली ‘जागा’ या व्याख्येतून वगळली आहे.

बरं, लॉज म्हणूया. हा शब्द लक्षात ठेवा, मी त्याच्याकडे परत येणार आहे.

माझ्या भाच्याने मागच्या वर्षी एका थंड हवेच्या ठिकाणी दोन रात्रींसाठी बंगला ठरवला. पुण्यात इंजिनिअर आहे. बायको, दोन मुली आणि माझी बहीण. फोनवर सगळं गोड. पैसे गेले. मग मालकाने ओळखपत्रं मागवली, याने आधार पाठवलं. वीस मिनिटांनी फोन, ‘सॉरी हां, सोसायटीवाले ऐकत नाहीत, घर आमचं खासगी आहे ना.’ पैसे त्याच संध्याकाळी परत आले, पूर्ण. भाचा म्हणाला, ‘खाला, तक्रार कशाची करू? एक रुपया बुडाला नाही.’ मुलींना त्याने सांगितलं की तिकडे पाऊस फार आहे.

आता तो लॉज आठवा. नोंदणी करायची वेळ आली की ‘आमची लॉज’. पाहुण्याचं नाव आवडलं नाही की ‘आमचं खासगी घर’. एकाच भिंतींना दोन नावं, आणि दोन्ही वेळेला फायदा मालकाचा.

संविधानाचं कलम १५(२) वाचा. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान एवढ्यावरून कुठल्याही नागरिकाला दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं, करमणुकीच्या जागा यांत मज्जाव करता येणार नाही. हे कलम फक्त सरकारला उद्देशून नाही, दुकानदारालाही आहे. संविधान सभेत २९ नोव्हेंबर १९४८ रोजी यावर चर्चा झाली तेव्हा बाबासाहेबांनी ‘दुकान’ या शब्दाचा अर्थ मोठा सांगितला होता. ठरलेल्या अटींवर, मोबदला घेऊन सेवा देणारी जागा असा. २०११ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याच व्यापक अर्थाचा आधार घेतला. उलट बाजूही सांगते, नाहीतर तुम्ही बाहेर जाऊन तोंडावर पडाल. २००५ मध्ये पारशी गृहनिर्माण सोसायटीच्या खटल्यात याच न्यायालयाने सोसायटीला सभासदत्व आपल्या समाजापुरतं ठेवायला मुभा दिली. पण तो प्रश्न सभासदत्वाचा होता. जाहिरात लावून, रात्रीचा दर छापून, ‘कुणीही या’ म्हणणारं घर मला तरी दुकानाच्या आणि हॉटेलच्या जवळचं वाटतं. भाच्याने त्या मालकावर खटला भरावा असं मी सांगत नाही. मी एवढंच म्हणते की त्याच्या हातात सही झालेला एक कागद असता, ज्यात ‘मालकाने रद्द केल्यास काय’ हे लिहिलेलं असतं, तर ‘सोसायटीवाले ऐकत नाहीत’ हे वाक्य इतकं स्वस्तात पडलं नसतं.

आणि टाळ्या वाजवू नका, कारण पुढचं आपल्याबद्दल आहे. आपल्यातलेही मालक फोनवर विचारतात, ‘फॅमिली ना? मुस्लिम ना?’ कुणी विचारतं, ‘निकाहनामा आहे का?’ दोन सज्ञान माणसांनी एका खोलीत राहायला लग्नाचा दाखला लागतो असा कायदा नाही. आपल्या भाच्याला नाकारलं की संविधान आठवतं आणि आपल्या फ्लॅटला कुलूप लावताना ‘आमची मर्जी’. माझ्याकडून हे झालंय. ईशान्येकडच्या दोन मुली विमान कंपनीत ट्रेनिंगला आल्या होत्या. मी ‘जागा नाही’ म्हटलं. जागा होती. त्या वेळी माझ्याकडे कागद नव्हता, म्हणून मी माणसाच्या चेहऱ्यावरून अटी ठरवत होते. प्रश्न ‘रात्री आवाज करणार का, किती जण येणार, कधी जाणार’ एवढाच होता. तो विचारायचं सोडून मी त्यांच्याकडे बघून उत्तर गृहीत धरलं.

म्हणून आता माझा कागद सगळ्यांना सारखा आहे आणि तो मी नाव कळायच्या आधी पाठवते. दोन पानं. मराठी, हिंदी, इंग्रजी तयार आहेत, उर्दू माझी पुतणी करतेय. दर, तारखा, येण्या-जाण्याची वेळ, किती माणसं, सोसायटीचे नियम. पाहुण्याला आधी अटी दिसतात, पटल्या तर ‘मान्य’ लिहून येतं, मग मी ओळखपत्र मागते. हा क्रम महत्त्वाचा आहे. मान्य झाल्यावर मी नाही म्हटलं, तर तो करार मी मोडला, आणि त्याची किंमत त्याच कागदात लिहिलेली आहे. सात दिवसांच्या आत मी रद्द केलं तर पूर्ण पैसे आणि वर एका रात्रीचं भाडं. त्या चार मुलांमुळे घातलेली अट.

यात हेही स्पष्ट लिहिलंय की ही फक्त वापरायची परवानगी आहे, ताबा मालकाचाच. १८८२ च्या इझमेंट्स कायद्याच्या कलम ५२ मधली लायसन्सची कल्पना ती हीच. पण नुसतं ‘लायसन्स’ शब्द लिहून भागत नाही. १९५९ च्या असोसिएटेड हॉटेल्सच्या निकालापासून न्यायालयं कागदाचं नाव बघत नाहीत, व्यवहार काय आहे ते बघतात. म्हणून मुक्काम महिन्याच्या पुढे गेला की मी सरळ ऑनलाइन नोंदणी करते. तेव्हा हजार रुपये जड वाटत नाहीत. सोसायटीला प्रत देते. सेक्रेटरी ‘परवानगी’ म्हणतात, मी ‘माहिती’ म्हणते, आमचं हे हसत-खेळत चालू असतं. एक मात्र सांगते. आदर्श उपविधींत लिव्ह अँड लायसन्ससाठी कळवणं पुरे आहे, आणि बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. दर आठवड्याला नवी बॅग घेऊन नवा माणूस येतो तेव्हा शेजाऱ्यांचा त्रास मात्र खरा असतो. लिफ्ट, आवाज, वॉचमनची दमछाक. तिथे नियमाचं पुस्तक दाखवून उपयोग नाही, मजल्यावरच्या चार घरांना माझा नंबर दिला आहे.

पोलिसांचं. पोलीस आयुक्तालयं मनाई आदेश काढून भाडेकरूंची माहिती कळवायला लावतात. पूर्वीचं कलम १४४, आता नागरिक सुरक्षा संहितेचं १६३. मोडलं तर न्याय संहितेचं २२३ लागतं. परदेशी पाहुणा असेल तर चोवीस तासांत ऑनलाइन कळवायचंच, लोक त्याला फॉर्म सी म्हणतात. आपल्यापैकी कुणी हे हलक्यात घेऊ नये. शेजारच्या घरात जे चालून जाईल ते आपल्या घरात चालेलच असं नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण ओळखपत्राची रंगीत प्रत व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवणं हा प्रकार बंद करा. शेवटचे चार अंक दिसणारं मास्क केलेलं आधार घ्या. पाहुणा गेला की फोनमधला फोटो पुसा. माझ्या कागदात तसं लिहिलंय.

डिपॉझिटवर भांडणं सगळ्यात जास्त. एकदा मी एका कुटुंबाचे तीन हजार कापले, गादीवर डाग म्हणून. ते म्हणाले, डाग आधीचा. खरं सांगू, आधीचा असेलही. मी बघितलं नव्हतं. आता किल्ली देताना दोघं मिळून पाच मिनिटं घर फिरतो, फोटो काढतो, विजेच्या मीटरचा आकडा लिहितो. मे महिन्यात एसीवरून जे होतं ते ज्याने घर दिलंय त्याला माहीत आहे. आणि ‘नियम मोडल्यास सगळं डिपॉझिट जप्त’ असं कुणी लिहीत असेल तर खोडा. करार कायद्याचं कलम ७४ वाजवी भरपाईच देतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘अन्याय्य करार’ अशी व्याख्याच आहे, आणि त्यात अवाजवी डिपॉझिट आणि नुकसानाच्या प्रमाणाबाहेरचा दंड, दोन्ही येतात. पैसे देऊन राहणारा पाहुणा ग्राहक असतो. मालकाच्या सोयीच्या वीस अटी आणि पाहुण्यासाठी एकही नाही, असा कागद फक्त धमकावायच्या कामाचा.

आपल्याला कागदाची सवय नाही असंही नाही. कुराणातली सर्वांत मोठी आयत देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे, सूरह बकराची २८२ वी. तरी निकाहनाम्यात अटींचा रकाना आपण कोराच सोडतो, ‘आता शुभ वेळी हे कशाला’ म्हणून. यवतमाळच्या त्या माणसापुढे मला जे कसंतरी वाटलं ते हेच होतं. लिहिणं म्हणजे अविश्वास, असं आपल्या मनात बसलंय. त्या दिवशी लिहिलं असतं, की उपचार लांबले तर पाच दिवस आधी सांगा, मग याच दराने अमुक दिवस मिळतील आणि त्यापुढे मी दुसरी खोली शोधून देईन, तर त्या बापाला माझ्या दारात उभं राहण्याची भीती बाळगत चाळीस दिवस काढावे लागले नसते. नंतर त्याच्या बायकोने मला सांगितलं, कुठे लिहिलं नाही म्हणून ते रोज सकाळी घाबरायचे की आज ताई सांगतील.

आता उपचारासाठी येणाऱ्यांच्या कागदात ही अट वेगळी आहे. त्या तारखांभोवती मी दुसरं बुकिंग घेत नाही, म्हणून रोजचे शंभर रुपये जास्त लावते आणि का लावते तेही लिहिते. काही जण घासाघीस करतात. करू देत.

मुलगा बरा आहे. गेल्या जुलैत तपासणीला आले तेव्हा आठ दिवसांसाठी माझ्याकडेच उतरले. मी कागद पुढे केला. वडिलांनी चष्मा लावून दोन्ही पानं वाचली, सावकाश, मी चहा करेपर्यंत वाचतच होते. मग पेन मागितलं आणि ‘गॅलरीत कपडे वाळत घालू नयेत’ ही ओळ खोडली. म्हणाले, ‘ताई, पोराचे कपडे रोज धुवावे लागतात, घरात वाळत नाहीत, बुरशी धरते. त्याला चालत नाही.’ सोसायटीचा नियम होता तो. मी सेक्रेटरींना फोन लावला, आठ दिवसांची सूट मागितली, ते हो म्हणाले. खोडलेल्या ओळीशेजारी दोघांनी सही केली.

कोऱ्या प्रती मागच्या टेबलावर आहेत. घेऊन जा, तुमच्या घराप्रमाणे बदला, आणि महिन्याच्या वरचा मुक्काम असेल तर वकिलाला दाखवा. प्रश्न असतील तर चहा झाल्यावर बोलू.